ओटीतली वांगी

पुनमला शाळेत असल्यापासून एक खोड होती. खाण्यापिण्याविषयी कुठे काही छापलेलं दिसलं, की ते वाचायचं आणि घरी येऊन आईच्या माथी मारायचं. मग तो भज्यांचा कागद असो, नाही तर पेपरातली चौकट. अमळनेरजवळच्या त्यांच्या गावात चुलीपुढे भाकरी थापणारी तिची आई, प्रमिलाबाई, हात न थांबवता ऐकायची. केळीचं झाड हे झाडच नाही, खोड दिसतं ते नुसते पानांचे देठ एकमेकांवर गुंडाळलेले, हे ऐकून तर ती शेजारच्या बागेत जाऊन खात्री करून आली होती. मिरची आपली नव्हेच, पाचशेक वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आली, हे कळलं त्या दिवशी मात्र तिला भाकरी गोड लागेना.

“तवय लोके भाजीमा काय टाकेत?” तिने विचारलं.

“मिरे.”

“बिचारा लोके!” आई म्हणाली, आणि खरोखरच हळहळली.

मग गावभर हे सांगत सुटायची. कोणी खिदळलं, की “मनी पुनम सांगस,” एवढंच म्हणायची. तिच्या लेखी विषय तिथेच संपायचा.

लग्न होऊन पुनम जळगावला आली. सासर चांगलं होतं, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. नवरा ललित जीव लावणारा, सासू सविताबाई मोजकं बोलणारी. पण पहिल्याच आठवड्यात जेवताना पुनम सहज म्हणून गेली, की टोमॅटो म्हणजे खरं तर फळ. त्यावर नणंद ऋतिका म्हणाली, “वहिनी, आज परीक्षा आहे का?” सगळे हसले, पुनमही हसली. वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. तरी तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. पुढे पुढे आईशी फोनवरचं बोलणंसुद्धा ‘जेवलीस का, झोप लागते का’ एवढ्यावर आलं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. वडिलांची शेतात पाण्याची पाळी होती, म्हणून आई एकटीच एसटीने आली, मांडीवर जड पिशवी सांभाळत. पुनम फुलांचे दागिने घालून सजवलेल्या खुर्चीत बसली होती. बायकांनी ओटीसाठी सफरचंदं, डाळिंबं, मोसंबी आणली होती. पहिला मान आईचा. तिने नारळ, गहू, खण काढला आणि मग फळं म्हणून पिशवीतून काढली भरताची पाच वांगी. टपोरी, पांढरट हिरवी, तेलाचा हात फिरवून चकाकवलेली.

एकच हशा पिकला. बायकांना असल्या कार्यक्रमात हसायला निमित्तच हवं असतं, आणि हे तर पिशवी भरून आलं होतं.

“मावशी, भरीत पार्टी ठेवलीय का?” ऋतिकाने विचारलं.

“अहो, वांगं वातूळ,” मागून एक म्हातारी म्हणाली. “पोटुशीच्या ओटीत कसलं घालता?”

“फळ शे ते,” आई शांतपणे म्हणाली. “मनी पुनमनी सांगेल शे.”

सगळ्या माना पुनमकडे वळल्या. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. पण हो म्हटलं, की या घरात पुन्हा मास्तरीणबाई व्हायचं, आणि तेही आज, एवढ्या माणसांत. पुनम हातातल्या फुलांच्या बांगडीकडे बघत राहिली.

लेकीचं तोंड आईला कळायला कितीसा वेळ लागतो?

“नही, नही,” आई घाईघाईने हसली. “तिन्ही कधी सांगं? मीच येडी. मन्हा मनथीन लई उनू.” आपल्याच मनाने आणली, असं सांगत ती वांगी परत पिशवीत भरू लागली.

पुनमच्या शब्दासाठी अख्ख्या गावाचं हसू सोसलेली बाई आज तोच शब्द स्वतःची चूक म्हणून झाकत होती, कशासाठी, तर लेकीला कोणी हसू नये म्हणून. पुनमला स्वतःची फार लाज वाटली.

“माय, थांब.” तिने पदर पसरला. “मीच सांगितलं होतं तिला. आणि ते खरं आहे. फुलातून येतं, पोटात बिया असतात, म्हणजे फळच ते. टाक माय, ओटीत टाक.”

“मग काय, मिरच्याही टाकायच्या?” ऋतिका म्हणाली.

“टाक की. मिरचीसुद्धा फळच आहे.”

पुन्हा हशा झाला. या वेळी पुनम हसली नाही आणि तिने पदरही आवरला नाही. सविताबाई इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, पिशवीत गेलेली वांगी त्यांनी बाहेर काढली आणि आईच्या हातात दिली.

“खाऊ नकोस म्हणजे झालं,” त्या सुनेला म्हणाल्या. “ओटीत घ्यायला काय जातंय? टाका हो विहीणबाई.”

एकेक वांगं आईने पदरात ठेवलं. मग कुंकू लावायला वाकली आणि तसंच कानाशी तोंड नेऊन तिने विचारलं, “दुसरं काय काय फळ शे?”

“भेंडी,” पुनम कुजबुजली. “काकडी. भोपळा.”

“भेंडी बी?” आईचे डोळे विस्फारले. “खरंच? आखो सांग.”

“ताई, इकडे बघा,” फोटोवाला ओरडत होता. पुनमला तो नीट दिसेना, डोळे भरून आले होते. या घरात आल्यापासून ‘अजून सांग’ असं तिला कोणी म्हटलंच नव्हतं.