मामांच्या खिशातले नऊ मायक्रॉन

शंभर मिलिमीटर म्हणजे नेमके किती, असा वाद या कारखान्यात निघाला की शेवटी मलाच बोलावतात. मी पोलादाचा एक ठोकळा, मापाचा. बोटापेक्षा जरासा लांब आणि आरशासारखा गुळगुळीत. मी स्वतः काडीचे काम करत नाही. नुसता असतो, आणि माझ्याशी ताडून बाकीच्यांची लांबी ठरते. घरातल्या आजोबांसारखे म्हणा ना.

भट्टीत तापलो, गार झालो, घासघासून अंग झिजले, तेव्हा कुठे माझ्यावर ‘१००’ कोरले गेले. मग लाकडी पेटीत बसून तपासणीच्या खोलीत आलो आणि मामांच्या हाती पडलो.

मामा इथले तपासनीस. खरे तर ते एकाच मुलीचे मामा, ग्राइंडिंग मशीन चालवणाऱ्या भाचीचे. पण तिचे ऐकून सगळा कारखाना त्यांना मामा म्हणू लागला, साहेबसुद्धा. चोवीस वर्षे त्यांनी मला उघड्या बोटाने शिवले नाही. मऊ कातड्यानेच उचलायचे, पुसायचे, तेलाचा हात फिरवून पेटीत निजवायचे.

मामींना याचे हसू येई. एकदा त्यांनी मामांच्या कामाच्या डगल्याला आतून फ्लॅनेलचा खिसा शिवून दिला. “घ्या, तुमच्या लाडक्यासाठी. माझ्यापेक्षा त्याचीच काळजी जास्त!”

“अगं, खिशात ठेवत नसतात त्याला,” मामा हसत म्हणाले. खिसा रिकामाच राहिला.

पुढच्याच वर्षी मामी गेल्या. पंधरा दिवसांनी मामा कामावर आले, पेटी उघडली, मला उचलले आणि फ्लॅनेलच्या खिशात ठेवले. त्यानंतर रोज तसेच. मला विचाराल तर मी खूश होतो. पेटीतल्या गारठ्यापेक्षा छातीची ऊब कुणाला नको?

त्याच सुमारास कारखान्याने एका संशोधन संस्थेशी हातमिळवणी केली. भाचीने मशीनवर घासलेले शाफ्ट, म्हणजे पंपाचे माझ्याएवढे पोलादी दांडे, आम्ही मोजायचे, तेच शाफ्ट संस्थेतल्या मॅडमनी त्यांच्या प्रयोगशाळेत मोजायचे, आणि दोन्ही आकडे जुळले की नव्या पंपाचे काम पुढे न्यायचे. आकडे काही जुळेनात. मामा ज्यांना नेमके म्हणत, ते मॅडमच्या यंत्रावर नऊ मायक्रॉन लांब भरत. नऊ मायक्रॉन म्हणजे एका केसाच्या जाडीचा जेमतेम आठवा हिस्सा. पण पंपाला तेवढेही खपत नव्हते.

मलाही पेटीतून प्रयोगशाळेत पाठवले. रात्रभर तिथे आराम केला, सकाळी मोजला गेलो: बरोबर शंभर. मी निर्दोष सुटलो. मग बोट भाचीकडे वळले.

“सोमवारपासून तुला पॅकिंगला टाकतोय,” साहेब म्हणाले.

“टाका. पण माझं मशीन खोटं बोलत नाही,” भाची म्हणाली. मामांकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. मामा चष्मा पुसत राहिले.

शनिवारी मॅडम स्वतः आल्या. “मामा, तुम्ही रोज करता तसंच करा. मी नुसती बघते.”

मामांनी खिशातून मला काढले, काट्याच्या यंत्राखाली ठेवले, काटा शून्यावर आणला; शाफ्ट याच शून्याशी ताडले जात. मॅडमच्या भुवया वर गेल्या. त्यांनी कातड्याने मला उचलून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवले.

“मामा, हा तर गरम आहे!”

“असेल जरासा,” मामा पुटपुटले.

मॅडमनी मला पुन्हा काट्याखाली ठेवले. “चला, तोवर चहा घेऊ.”

तो अर्धा तास मी विसरणार नाही. खोली गार. माझ्या अंगातली ऊब हळूहळू निघून जात होती आणि माझ्या डोक्यावरचा काटा एकेका मायक्रॉनचे घर खाली उतरत होता. चहा संपला तेव्हा तो उणे नऊवर उभा होता. आजवर मी उबेने फुगलेला, आणि माझ्याशी जुळावेत म्हणून शाफ्टही तेवढेच लांब!

मामांनी काटा वाचला. मग ताडकन उठले आणि सगळ्यांच्या देखत भाचीच्या मशीनपाशी गेले.

“पोरी, मशीन तुझं खरं होतं. चूक माझी. चोवीस वर्षं मीच सगळ्यांना शिकवत आलो की ह्याला अंगाची ऊब लागू द्यायची नाही.”

भाचीने मशीन बंद केले. “मामीच्या खिशात ठेवत होतास ना?” ती हळूच म्हणाली. मामांनी मान हलवली. “मग मामीला काय सांगायचं आता? तुझ्या खिशानं माझी मशीनवरची नोकरी खाल्ली असती म्हणून?”

मामा हसले. कितीतरी महिन्यांनी ते हसू मी पाहिले, आणि तेही खिशाबाहेरून.

सोमवारी भाची तिच्या मशीनवरच होती. पुढच्या खेपेला दोन्हीकडचे आकडे जुळले. आता फ्लॅनेलच्या खिशात मामांचा चष्मा असतो, आणि मला कामाआधी अर्धा तास गार दगडी टेबलावर टेकवतात. मामा शेजारी चहा घेत बसतात. नव्या माणसांना ते स्वतःच ही गोष्ट सांगतात, काही न लपवता. मॅडमनी ती संस्थेच्या अहवालातही घातली, मामांना विचारून.

माझे मागणे एवढेच: मला हातात घ्याल तर अर्धा तास थांबायची तयारी ठेवा. ऊब लागली म्हणून मी रुसत नाही, पण मला सावरायला वेळ लागतो.

चला, मामांचा कप रिकामा झाला. म्हणजे मीही आता बरोबर शंभर झालो असेन.