कापलेले अकरा सेकंद

चर्चेच्या कार्यक्रमात कुणी गप्प बसलेलं निर्मातीबाईंना खपायचं नाही. प्रेक्षकाला वाटतं टीव्ही बिघडला आणि तो दुसऱ्या चॅनलवर पळतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दुपारी चित्रित झालेली अर्ध्या तासाची चर्चा संध्याकाळी सातच्या आत बावीस मिनिटांवर आणावी लागायची. हे काम करणाऱ्या संकलकाला सगळं ऑफिस ‘कात्री’ म्हणे. पंचवीस वर्षांत त्याचा हात असा बसला होता की पाहुण्यांचं खाकरणं, अडखळणं, थांबणं तो बघता बघता उडवायचा. एवढ्यानं कुणाचं मत कापलं जात नाही, अशी त्याची समजूत होती, आणि तिचा त्याला थोडा गर्वही होता. कापल्या जागेचा सांधा दिसू नये म्हणून वर मान डोलावणारा सूत्रसंचालक चिकटवायचा. पाहुणे घरी गेले की हे गृहस्थ रिकाम्या खुर्चीकडे बघत दहा मिनिटं गंभीरपणे मान डोलावत बसायचे. त्याचाही पगार मिळतो जगात.

त्या आठवड्यात सोमवारी पाणीकपातीवर चर्चा झाली. मंगळवारी जुनं नाट्यगृह पाडावं की ठेवावं यावरून चार विद्वान एकमेकांच्या अंगावर धावून गेले. बुधवारचा विषय होता माफी. शहराच्या तरणतलावात चार वर्षांपूर्वी सतरा वर्षांची एक मुलगी बुडाली होती. जीवरक्षक तेव्हा फोनवर बोलायला बाहेर गेला होता. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली, आणि आता उरलेली माफ करावी का, असा प्रश्न निघाला होता. चर्चेला मुलीच्या आईला बोलावलं होतं. बाई शिवणकाम शिकवायच्या.

“तुम्ही त्याला माफ कराल?” सूत्रसंचालकानं विचारलं. त्यानं मान डोलावली.

“हो,” बाई म्हणाल्या.

गुरुवारी सकाळपर्यंत तेवढाच तुकडा ज्याच्या त्याच्या फोनवर पोचला. मुलगी पोटचीच होती ना, असंही लोकांनी विचारलं. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार!

गुरुवारी दुपारी कात्री वाचनसंस्कृतीवरच्या चर्चेतले उसासे काढत असताना त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. त्याच बाई होत्या.

“तक्रार नाही हो करायची. एवढंच विचारायचं होतं, मी इतक्या पटकन बोलले होते का? मला तसं आठवत नाही. पण टीव्हीवर तर दिसतंय. आमचे हे बस चालवतात. ते बघून काल घरातून निघून गेले, डेपोतच झोपले. म्हणाले, पोरीसाठी तुला एक क्षणभर थांबावंसं वाटलं नाही.”

कात्रीनं बुधवारचं मूळ चित्रीकरण उघडलं. प्रश्न संपल्यावर बाईंनी मान खाली घातली. बोटांनी पदराचं टोक धरलं, सोडलं. ओठ उघडून मिटले. श्वास आत गेला आणि तिथंच अडकला. मग “हो.” चहाचा घोट घेता घेता त्यानं हे सगळं काढून टाकलं होतं. त्याला स्वतःची शरम वाटली.

“बाई, तुम्ही थांबला होतात. ते मी कापलं.”

“किती?”

“अकरा सेकंद.”



“बरं झालं सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “मला वाटायला लागलं होतं, मीच तसली आहे.”

शुक्रवारी सकाळी त्यानं निर्मातीबाईंना गाठलं. शनिवारच्या साप्ताहिक आढाव्यात ते अकरा सेकंद घालायला हवेत, म्हणाला.

“तीन घाल.”

“अकरा, ताई.”

“अरे, अकरा सेकंदांत माणूस उठून पाणी पिऊन येतो! तीन. आणि वर डोलणारी मान लाव.”

कात्री पंचवीस वर्षांत कुणाशी भांडला नव्हता. त्या दिवशीही त्यानं मुकाट्यानं तीन घातले. मग मूळ चित्रीकरण लॅपटॉपवर उतरवलं, ते उघडकीला आलं असतं तर नोकरी गेली असती, आणि जेवणाच्या सुट्टीत स्कूटर काढून त्यानं डेपो गाठला.

चालकांच्या खोलीत सहा लोखंडी खाटा होत्या. मुलीचे वडील शेवटच्या खाटेवर बसले होते. अंगात गणवेश, पायात काही नाही. त्यांनी कात्रीच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं.

“चॅनलवाले ना? मला काही बोलायचं नाही.”

“बोलू नका. फक्त बघा. चूक माझी आहे, त्यांची नाही.”

चित्र सुरू झालं. बाईंनी मान खाली घातली.

“अडकलं का हे?” वडिलांनी विचारलं.

“नाही. चालू आहे.”

ते पुढे वाकले. बाईंचा श्वास अडकला तसा त्यांचा हात नकळत स्वतःच्या छातीवर गेला. “हो” आलं.

“पुन्हा लावा.”

त्यानं तीनदा लावलं. आता हा माणूस विरघळणार, असं कात्रीला वाटलं. तसलं काही झालं नाही.

“उत्तर तेच आहे,” वडील म्हणाले.

“तेच आहे.”

“मी नाही त्याला माफ करणार. मेलो तरी नाही.”

“नका करू.”

वडिलांनी खाटेखालचे बूट ओढले आणि नाडी बांधायला फार वेळ घेतला.

“दोन दिवस मला तिच्याशी भांडताही येत नव्हतं,” ते खाली बघतच म्हणाले. “जिला काही वाटलंच नाही, तिच्याशी काय भांडायचं?” ते उठले. “गाडी आणलीय ना तुम्ही? घरी सोडा मला. भांडायचंय तिच्याशी.”