तुपाच्या लोटीवरचा आळ

मी तुपाची लोटी बोलतेय. पितळेची, आतून कल्हई केलेली, एका अंगाला चोच आणि दुसऱ्या अंगाला कान असलेली. आता असं वाकून वाकून बघू नका. पोटावर पोचा आहे, माहीत आहे मला. तो कसा पडला तेही सांगते. पण आधी एवढं ऐका, की माझ्यावर सत्तावीस वर्षं खुनाचा आळ होता. एका भल्या माणसाला म्हणे मी मारलं! मी, जिला आपणहून तिरपं व्हायचंसुद्धा जमत नाही!

माझा जन्म धुळ्याचा. जीवराम तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. हात मोठा कडक होता त्याचा, पण जीव लावायचा. गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी त्यानं माझ्यात पाणी भरलं, चोचीतून धार सोडली आणि मनगट सरळ केलं. चोचीवर एक थेंबही लोंबकळला नाही. "तुपाची लोटी अशी पाहिजे," तो म्हणाला, "धार बारीक पडली पाहिजे, आणि थांबवली की थांबली पाहिजे." त्याचं ते बोलणं मी जन्मभर सांभाळलं.

पारोळ्याच्या एका मारवाडी जैन कुटुंबानं मला विकत घेतलं, मुलीच्या लग्नात द्यायच्या भांड्यांबरोबर. मुलीचं नाव लाडकुंवर. तिच्यासोबत मी अमळनेरला आले. नवरा रुपचंद, सरकी-ढेपेचा व्यापारी. पुढं दुकान, मागं घर. दुकानातून दिवसभर ढेपेचा वास यायचा आणि रुपचंदभाऊंचा आवाज. "काय आबा, म्हैस दूध दी र्‍हायनी ना?" असं गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय पोतं हलायचं नाही. दुकानात अहिराणी, घरात मारवाडी, पोरांच्या शाळेपायी मराठी. मला तिन्ही येतात. तुमच्याशी मराठीत बोलतेय, एवढंच.

काय दिवस होते हो ते! मला रोज ऊन लागायचं, रोज चिंचेनं घासलं जायचं. सणाला, पाहुण्याला, बाटीला, चुरम्याला, आधी लोटी आणा! कारण आमच्याकडे पाहुण्याला नुसतं वाढत नाहीत, मनवार करतात. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरायचा, "बस, बस" म्हणायचं, आणि वाढणारीनं तरीही बोटांच्या फटीतून तूप सोडायचंच. तो 'नको' खरा धरायचा नसतो. खरा धरला तर पाहुणा मनातून रुसतो. लाडकुंवरबाई या कामात पटाईत होत्या. आणि रुपचंदभाऊ तर असे लबाड, की हात धरायचे तोच बोटं फाकवून! बायको तूप सोडायची, हे "अरे अरे" करत हसायचे, आणि बाटी तुपात बुडायची.

तो रविवार मला विसरता येत नाही. थंडी होती. बाईंच्या माहेरची माणसं पारोळ्याहून आली होती आणि दाल-बाटीचा बेत होता. रुपचंदभाऊ सकाळपासून डावा खांदा चोळत होते. पंगत बसली, बाई मला घेऊन त्यांच्या ताटापाशी आल्या. त्यांनी हात आडवा धरला. "बस. आज नको."

बोटं मिटलेली होती. मी पाहिलं. बाईंनी पाहिलं की नाही कोण जाणे, भाऊ-भावजय चिडवत होती, बाईंच्या गालावर हसू होतं. "असं कसं नको?" म्हणत त्यांनी मला तिरपं केलं. फट नव्हती म्हणून तूप त्यांच्या हातावरून मनगटापर्यंत ओघळलं. सगळी पंगत हसली, तेही हसले, आणि हात ताटात पुसून ती बाटी त्यांनी खाल्ली.

संध्याकाळी दुकानात ढेपेच्या पोत्यावर बसले ते उठलेच नाहीत. गाडी करून धुळ्याला नेलं, पण वाटेतच सगळं आटोपलं. वय अवघं त्रेचाळीस. मुलगा मनन दहा वर्षांचा, मुलगी जिनल सात.

मग सुरू झालं लोकांचं. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, दुपारी काय जेवले होते? आणि मान हलवायचा. सासरेही असेच बेचाळिशीत गेलेले. खानदानच तूपखाऊ, असं म्हणत बायका माझ्याकडे बघायच्या. एके सकाळी बाईंनी मला उचललं आणि मोरीच्या दगडावर आपटलं. "हिनंच घात केला!" हा पोचा त्या दिवसाचा. मला लागलं त्याचं काही नाही. पण आपटताना बाई रडत होत्या, ते मला सहन झालं नाही.

मला भंगारच्या पोत्यात टाकलं होतं. भांडी घासणाऱ्या भिकुबाईनं मला बाहेर काढलं. "माय वं! हाई लोटी कसाले फेकी र्‍हायनात? तिना काय गुन्हा शे?" असं आपल्याशीच पुटपुटत तिनं मला जुन्या फडक्यात गुंडाळलं आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर मोठ्या पातेल्यामागं सरकवून दिलं. देव तिचं भलं करो. माझी कड घेणारी त्या घरात ती एकटीच होती.

त्या दिवसापासून घरात तूप बंद. दिवाळीलासुद्धा नाही. मननसाठी बाई भाज्या वाफवायच्या, भाकरी कोरडी. पोराला कोणाच्या लग्नात जेवू द्यायच्या नाहीत. माळ्यावरून मी ऐकायचे, "तुझ्या पप्पांसारखं नाही होऊ द्यायचं मला." मननही शहाणा. आईचा शब्द त्यानं कधी मोडला नाही. रुपचंदभाऊंचे धाकटे भाऊ सुभाषचंद मात्र स्वतःच्या घरी चुरमा चापून यायचे, मिशीला तूप तसंच. साठी ओलांडली, टुणटुणीत! मी खुनी असते, तर सगळ्यात आधी हे नसते का गेले? माझ्या हातून सगळ्यात जास्त तूप यांनीच खाल्लेलं. पण भांड्याला कोण विचारतं?

जिनल शिकली, आणि पुण्याला औषधांच्या प्रयोगशाळेत लागली. एका राखीला घरी आली. मनन तेव्हा छत्तीस-सदतीसचा, दुकान सांभाळणारा, अंगानं काटकुळा. राखी बांधून झाली, त्यानं पाकीट पुढं केलं. तिनं परत ढकललं.

"पैसे नको, दादा. ओवाळणीत रक्त दे."

"वेडी झालीस का?"

"तपासायला रे! पप्पा त्रेचाळिशीत गेले, आजोबा बेचाळिशीत. तू कितीचा झालास?"

ओवाळणी नाही कशी म्हणणार? दिली त्यानं. रिपोर्ट आला. तुपाचा थेंब न खाणाऱ्या पोराच्या रक्तात कोलेस्ट्रॉल ठासून भरलं होतं. जळगावच्या हृदयाच्या डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या. आकडा उतरला, पण पुरेसा नाही. गोळी वाढवली तर त्याचे पाय असे दुखायला लागले की पोत्याला हात लावता येईना. मग डॉक्टर म्हणाले, एक नवं इंजेक्शन आहे, आरएनए इंटरफेरन्स म्हणतात त्या तंत्राचं. तीन महिन्यांनी दुसरं, मग वर्षातून दोनदा.

बाई हटून बसल्या. "सुई कशाला? आपण तूप सोडलंय ना!"

मला माळ्यावरून मननचं मन दिसत होतं. तो सुईला घाबरत नव्हता. आईनं इतकी वर्षं जे व्रत केलं ते वाया गेलं, असं तिच्या तोंडावर कसं म्हणायचं, याला घाबरत होता. त्रेचाळिशी जवळ येत होती आणि मायलेक एकमेकांना जपत बसले होते.

दिवाळीत जिनल पुन्हा आली. सुभाषचंदही येऊन बसले होते. तिनं पोळपाटावर पीठ पसरलं आणि त्यात बोटानं वाटा काढत समजावू लागली.

"मम्मी, हे यकृत. याच्या दारावर हमाल असतात, रक्तातली चरबी उचलून आत घेणारे. आपल्या घराण्यात निम्मे हमाल जन्मापासूनच कामाचे नसतात. आजोबांना, पप्पांना, दादाला. मी तेवढी सुटले. उरलेल्या हमालांना लवकर रजा देणारं एक प्रथिन शरीर स्वतःच बनवतं. ते बनवायची चिठ्ठी पेशीतल्या मूळ चोपडीवरून निघते, तिला आरएनए म्हणतात. इंजेक्शनमधला बारीकसा तुकडा नेमकी तीच चिठ्ठी ओळखतो, आणि पेशी आपल्याच कात्रीनं ती कापून टाकते. प्रथिन बनत नाही, हमाल टिकतात, रक्त साफ होतं."

"म्हणजे मूळ चोपडीला हात नाही?" सुभाषचंदांनी विचारलं.

"नाही, काकासा. मूळ जसंच्या तसं. फक्त निरोप वाटेत अडवला."

"वा! आणि असं कुठल्याही दुखण्याला करता येईल?"

"सध्या ह्या औषधाची गाडी यकृतापर्यंतच नीट पोचते. नसांच्या एका आजारावर, मुतखड्याच्या एका दुर्मिळ प्रकारावर औषधं आली आहेत. ब्लड प्रेशरवर चाचण्या चालू आहेत. मेंदूपर्यंतचा रस्ता अजून व्हायचाय."

काकासांचे डोळे चमकले. "वर्षातून दोन सुया, आणि गिऱ्हाईक अख्खा हिंदुस्थान! पोरी, ह्या बाजाराला तोड नाही. आज माल नवा, विकणारे दोन-चार, म्हणून भाव चढा. चार कंपन्या उतरू देत, बघ कसा खाली येतो."

"काकासा, इथं दादाचा जीव आहे हो!"

"तेच म्हणतोय! भाव उतरेल तेव्हा जगाचा उतरेल. आपण त्याची वाट बघायची नाही. पहिली सुई माझ्याकडून." म्हातारा व्यापारी खरा, पण काळजाचा मोठा. मी त्याच्याबद्दलचे निम्मे शब्द मागे घेतले.

बाई मात्र पिठाकडेही बघेनात. मग जिनल खाली बसली आणि मननच्या पायातला मोजा काढला. टाचेमागच्या शिरेवर जाड, टणक गाठ होती. "मम्मी, ही बघ. हे कुरूप नाही. ही साठलेली चरबी आहे. ह्या आजाराची खूण."

लाडकुंवरबाईंनी गाठीवर बोट ठेवलं. बोट तिथंच ठेवून म्हणाल्या, "यांच्याही पायाला होती."

"कधीपासून?"

"लग्नाच्या दिवशी मोजडी चावत होती. मी फेऱ्यांच्या वेळी खाली बघत होते ना, मला तेवढीच टाच दिसली. दोन्ही पायांना होती."

"लग्नाच्या दिवशी," जिनल हळू म्हणाली. "तू त्यांना एक घासही वाढला नव्हतास तेव्हा."

बाईंचा बांध फुटला. पदरात तोंड खुपसून त्या बोलल्या, आणि सत्तावीस वर्षं जे त्यांनी मनात दाबून ठेवलं होतं ते पोरांनी ऐकलं. "त्या दिवशी त्यांनी खरंच नको म्हटलं होतं गं. बोटं मिटली होती. मला दिसलं होतं. मी मनवार समजले. मी ओतलं!"

जिनलनं आईला पोटाशी धरलं. "एका धारेनं काही झालं नाही, मम्मी. जन्मापासून साठत आलं होतं. त्या दिवशी तू थांबली असतीस, तरी ते थांबलं नसतं."

मनन उठला, आईपुढं बसला. "मी सुई घेऊ?"

"घे," बाई म्हणाल्या. "उद्याच घे."

जळगावला पोटाच्या कातडीखाली सुई दिली. तीन महिन्यांनी दुसरी. त्यानंतरच्या तपासणीत आकडा निम्म्यावर आला होता. डॉक्टरांनी बजावलं, झेपेल तेवढी गोळी चालू, खाणं बेतानं, सणाला चमचाभर तुपाला हरकत नाही.

त्या संध्याकाळी बाई भिकुबाईला म्हणाल्या, "माझी लोटी असती तर..."

भिकुबाई आता चांगलीच वाकलीय. पण स्टुलावर चढली आणि मला काढून पुढं ठेवलं. "ल्या अक्का. तव्हाच लपाडी ठेयेल व्हती मी."

बाईंनी मला पाहिलं. पोच्यावरून बोट फिरवलं. स्वतः चिंच घेऊन घासायला बसल्या. काय सांगू तुम्हाला, त्या पाण्याचा स्पर्श झाला तेव्हा मला धुळ्याचं ते दुकान आठवलं, जीवरामाचा हातोडा आठवला, रुपचंदभाऊंचं "अरे अरे" ऐकू आलं. नवी कल्हई झाली. आणि रविवारी दाल-बाटी झाली. सूर्य मावळायच्या आत पंगत बसली.

बाई मला घेऊन मननपाशी आल्या. त्यानं ताटावर हात आडवा धरला. "बस, मम्मी."

बाईंचा हात वरच थांबला. माझ्या चोचीपर्यंत तूप आलं होतं, पण मी एक थेंब सोडला नाही. जीवरामानं शिकवलंय मला.

"बेटा," बाईंनी विचारलं, "खरंच नको, की मनवारीचं नको?"

मनननं आईकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं हळूच बोटं फाकवली, अगदी बापासारखी. बाईंनी चमचाभर सोडलं आणि मनगट सरळ केलं.

आता मी फडताळात पुढच्या रांगेत असते. माझ्यावरचा आळ गेला, याचा आनंद आहे. पण तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्याही घरी मनवार होत असेल. करा, भरपूर करा. फक्त ताटावरच्या हाताची बोटं मिटलेली दिसली, तर क्षणभर थांबा आणि विचारा. माझ्या बाईंना ते विचारायला सत्तावीस वर्षं लागली.