मागच्या सीटवरचं भांडण

बांग ग्यू-सिकने आयुष्यात दोन सिनेमे काढले होते आणि ते दोन्ही बघितलेली माणसं एका मिनीबसमध्ये मावली असती. तिसऱ्याची गोष्ट तयार होती, फक्त शेवट सापडत नव्हता. एकोणतीस वर्षांपूर्वी डिसेंबरात सोलच्या एका स्टेशनवर तो वर्गातल्या नाम मी-रानची वाट बघत सहा तास उभा राहिला होता आणि ती आलीच नव्हती. का आली नाही, हे कळल्याशिवाय सिनेमा पुढे सरकेना.

"मग तिलाच विचार की," त्याचा कॉलेजपासूनचा मित्र प्यो इन-चोल म्हणाला. "जेचॉनला असते ती. गाडी चालवायला शिकवते. चल, मीही येतो."

हा इतक्या उत्साहाने का येतोय, हे ग्यू-सिकला जेचॉनला उतरल्यावर कळलं. दुपारी दोघं कुट्टूच्या शेवया खायला बसले. सोबत माकगॉलीची किटली होती. तांदळाच्या त्या पांढऱ्या दारूचा दुसरा वाडगा पोटात गेला आणि इन-चोलच्या तोंडून निसटलं, "मला तिने मफलर घातला होता. लाल. स्वतःच्या हाताने."

"कधी?"

"त्याच डिसेंबरात."

ग्यू-सिकची शेवई अर्धी तोंडात आणि अर्धी वाडग्यात राहिली. "एकोणतीस वर्षं माझं रडगाणं ऐकत होतास, ते मफलर घालून?"

"उन्हाळ्यात काढायचो रे."

भांडत भांडतच ते गावाबाहेरच्या ड्रायव्हिंग स्कूलवर पोचले. पिवळं जाकीट घातलेली, केस बारीक कापलेली एक बाई एका छोट्या गाडीशी उभी होती. तिने दोघांकडे नीट निरखून बघितलं.

"ग्यू-सिक? आणि तू इन-चोल. अगं बाई, केवढे सुजलात रे दोघं!"

ग्यू-सिक रेल्वेत पाठ केलेलं वाक्य साफ विसरला. "मी-रान, पाच मिनिटं बोलायचं होतं."

"पाच मिनिटं कुठून आणू? आजींचा तास सुरू झालाय. मागे बसा आणि तिथूनच बोला. पट्टे लावा."

ग्वाक आजी चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि परीक्षेत अकरा वेळा नापास झाल्या होत्या. स्टिअरिंग त्यांनी असं आवळलं होतं, जणू हात सोडला तर ते उडून जाईल. गाडी बेडकासारखी तीन उड्या मारून फाटकाबाहेर पडली आणि पहिल्याच सिग्नलला बंद पडली.

"यांच्या तोंडाला वास येतोय, बाई," आजी म्हणाल्या.

"आजी, रस्ता बघा."

ग्यू-सिकने शेवटी धीर केला. "त्या दिवशी तू स्टेशनवर का आली नाहीस?"

"आले होते की."

"आली होतीस? मी तिथंच होतो!"

"हो ना. पेपरच्या टपरीमागून बघत होते मी तुला. तू दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून, एक डोळा मिटून जिन्याकडे बघत होतास. रिकाम्या जिन्याकडे. मग डोळे पुसलेस आणि पुन्हा चौकट केलीस. मी नसलेला जिना तुला इतका आवडला होता, की मध्ये येऊन तो नासवावासा वाटेना. मग गेले घरी."

ग्यू-सिकचे कान लाल झाले. "तू आली नाहीस तर कसं दिसेल, ते बघत होतो."

"मग दिसलं ना?"

इन-चोलला हसू आवरेना. तो सरसावून बसला. "आणि मफलर, मी-रान? लाल मफलर?"

"कुठला? हां, तो! बसमध्ये सापडला होता. तुझ्या खोकल्यापुढे वर्गात कुणाला काही ऐकू येईना, म्हणून गळा बांधला तुझा."

आता हसायची पाळी ग्यू-सिकची होती. "एकोणतीस वर्षं कुणाचा तरी हरवलेला मफलर जपलास, गाढवा!"

"आणि तू जिना जपलास! मफलरने निदान ऊब तरी दिली."

दोघांची अशी जुंपली, की एकमेकांची टाय धरायचीच बाकी राहिली. एवढ्यात मी-रान हळूच म्हणाली, "आजी, तुम्ही उजवीकडे वळलात."

"वळले. मग?"

"मी न सांगता. सिग्नल देऊन. त्याआधी चौकही पार केलात."

सगळे चकित होऊन गप्प झाले. त्याबरोबर गाडी थरथरली, एक उडी मारली आणि बंद पडली.

"बोला की रे मेल्यांनो!" आजी ओरडल्या. "तुम्ही गप्प बसलात की माझं लक्ष गाडीकडे जातं!"

मी-रानने आरशातून दोघांकडे बघितलं. "परवा आजींची परीक्षा आहे. उद्या सकाळी नऊला दोघं इथं हवेत. दारू न पिता."

म्हणून ते गावातल्या एका लॉजमध्ये राहिले. सकाळी प्रेमाचा विषय अर्ध्या तासातच संपला, तेव्हा त्यांनी वसतिगृहातलं किमचीचं लोणचं कोण चोरायचं, हे काढलं. मग इन-चोलने कबूल केलं, की ग्यू-सिकच्या दोन्ही सिनेमांना तो झोपला होता. घाट चढताना ग्यू-सिक त्याच्याशी बोलेना, तेव्हा आजींनीच समेट घडवला. "मीही झोपले असते रे. सांग बघू, कशावर होता सिनेमा?" तो सांगत राहिला आणि आजींनी गाडी मागे घेत दोन खांबांमध्ये लोण्यासारखी घातली.

परीक्षेच्या दिवशी मात्र दोघांना गाडीत बसू देईनात. शेजारी परीक्षक बसला, फळ्यासारख्या कोऱ्या चेहऱ्याचा. गाडी तीन उड्या मारून गेली.

"संपलं," इन-चोल म्हणाला आणि गरम कॉफी आणायला गेला.

ग्यू-सिक आणि मी-रान कुंपणाशी उभे राहिले. तिचा नवरा रेल्वेत होता, मुलगी बुसानला शिकत होती, हे तिने बोलता बोलता सांगितलं. मग त्याने विचारलंच, "मी त्या दिवशी हात खाली ठेवून नुसता उभा असतो, तर आली असतीस जवळ?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "काय सांगू? नवे बूट चावत होते रे. तरी घरीच गेले असते बहुतेक."

एवढं अपमानास्पद आणि एवढं दिलासा देणारं वाक्य ग्यू-सिकने कधी ऐकलं नव्हतं. तो पोट धरून हसला आणि तीही हसायला लागली.

वीस मिनिटांनी गाडी आली. एकदाही न अडखळता आली, रेषेवर अलगद थांबली. दार उघडून परीक्षक उतरला, त्याचे डोळे लाल झाले होते. उतरूनही तो दार धरून वाकला होता, आजींना सांगत होता, "तिच्या वडिलांचं तांदळाचं दुकान होतं हो, आणि मला मेल्याला आत शिरायचंच धाडस झालं नाही..."

"जाऊ दे रे बाळा," आजी म्हणाल्या. "आधी कागदावर मार्क लिही."