उलटा उतार

मंगळवारी सकाळी मागच्या खोलीचं दार ढकललं आणि माझी चप्पल पायातून निसटून पुढे तरंगत गेली. खोलीत घोट्याएवढं पाणी. त्या पाण्यात आमचे बाबा वायपर घेऊन उभे, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"बाबा, कधीपासून चाललंय हे?"

"आत्ताच आलो."

आत्ताच म्हणे! बाजूच्या बादल्या काठोकाठ भरलेल्या, अंगातला सदरा पाठीला चिकटलेला. मागचं दार उघडून ते पाणी अंगणातल्या नव्या कोब्यावर लोटत होते. पाणी हातभर पुढे जायचं, तिथे घुटमळायचं आणि निवांत परत घरात यायचं. मी दहा मिनिटं हा खेळ बघितला आणि माझं डोकं फिरलं.

आईला शनिवारी घरी आणायचं होतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन महिने ती दवाखान्यात होती, आणि घरात जिना चढावा न लागणारी खोली हीच एक. इथेच तिचा पलंग लावायचा, इथेच तिने वॉकर धरून चालायचं. डॉक्टर चारचारदा बजावत होते, आता पुन्हा पाय घसरला तर काही खरं नाही. आणि तिच्यासाठी तयार ठेवलेल्या खोलीत मासे सोडता आले असते.

सगळ्यात संतापाची गोष्ट म्हणजे तो कोबा बाबांनी स्वतःच्या हाताने घातला होता. महिनाभरापूर्वी, एकट्याने, सत्तराव्या वर्षी. आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस! लोकांच्या गच्चीवर हा माणूस बादली ओतून दाखवायचा, पाणी शेवटच्या थेंबापर्यंत पाइपात जायचं. आणि स्वतःच्या घरी सगळा उतार घराकडे.

"उतार चुकलाय तुमचा," मी म्हटलं.

"उतार बरोबर आहे."

"मग पाणी काय पाहुणं म्हणून येतंय का आत?"

"पाऊस जास्त आहे यंदा," असं म्हणून ते पुन्हा ढकलायला लागले.

मी हट्टाला पेटले. पाऊस उघडल्यावर कोबा पुसून काढला, मधोमध तांब्याभर पाणी ओतलं आणि बाबांना हाताला धरून समोर उभं केलं. पाणी सुरसुर करत आमच्या पायांकडे आलं, पायांमधून गेलं आणि दारात शिरलं. बाबांनी ते सगळं नीट पाहिलं. म्हणाले, "वारा आहे ना."

मी कपाळावर हात मारून घेतला. यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. दुपारी मी बाबांच्या जुन्या चेल्याला फोन केला. तो आता स्वतःच मोठा गवंडी झालाय, चार माणसं हाताखाली आहेत. म्हटलं, हा तरी स्पष्ट बोलेल.

कसलं काय! बुधवारी तो आला, बाबांच्या पाया पडला, चहा प्यायला, कोब्यावर उकिडवा बसला. पातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक मला धरायला लावलं, दुसरं कुंपणापाशी नेलं. दोन्हीकडे खुणा केल्या. मग खुणा पुन्हा एकदा मोजल्या आणि मान खाजवली.

"बोल की," मी म्हटलं.

"काम एकदम पक्कं आहे, ताई. एक तडा नाही."

"तड्याचं कुणी विचारलंय? उतार कुणीकडे आहे?"

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आभाळाकडे पाहिलं. "आता मिस्त्रींनी केलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच केलं असणार," तो म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी नळी खाली आपटली. "अरे, विचार गेला खड्ड्यात! शनिवारी माझी आई घरी येतेय. ती या पाण्यात घसरून पडली की तिच्या उशाशी बसून तुम्ही दोघं एकमेकांच्या कामाची तारीफ करा. नाहीतर आत्ता घण आण आणि फोड हा सगळा कोबा!"

"फोडायचा नाही," बाबा म्हणाले.

"का नाही? तुमचा मान मोठा की आई?"

हे बोलायला नको होतं. शब्द तोंडातून गेले तेव्हाच कळलं, पण गेले ते गेले. बाबा खाली मान घालून दाराबाहेरच्या पायरीच्या जागेकडे बघत राहिले; कोबा थेट उंबऱ्याला भिडवून त्यांनी ती पायरीच बुजवून टाकली होती.

"उतार मीच घराकडे दिलाय," ते म्हणाले. "मुद्दाम. तीनदा मोजून. बोटभर."

"मुद्दाम?" चेला आणि मी एकदमच ओरडलो.

"तिच्या वॉकरला चाकं आहेत. बाहेर गटाराकडे उतार दिला असता तर दारातून बाहेर पडली की वॉकर पुढे पळाला असता. आणि तिला बाहेर बसायचं असतं. ती काही खोलीत पडून राहणारी आहे का? म्हणून उलटा उतार दिला. वॉकर तिच्याकडेच राहतो. आत येताना मी पुढून धरेन."

"आणि पाणी?"

"पाणी मी काढणार होतो. मला दुसरं काय काम आहे?"

मला हसावं की रडावं कळेना. हा माणूस उरलेलं आयुष्य, प्रत्येक पावसाळा, वायपर घेऊन दारात उभा राहायला तयार होता, पण एका शब्दाने कुणाला विचारायला तयार नव्हता. "बाबा, वॉकरला ब्रेक असतो!" मी अक्षरशः किंचाळले.

"ब्रेकला मुठीत जोर लागतो. तिच्या नाही."

चेल्याकडे मात्र उपाय होता, आणि आता एकदा वाट मोकळी झाल्यावर तो धडाधड बोलायला लागला. कोबा फोडायचाच नाही. दाराला लागून भिंतीच्या कडेने चर मारायची, चरीला कोपऱ्यातल्या गटाराकडे उतार द्यायचा, वरून लोखंडी जाळी बसवायची. येईल तेवढं पाणी येऊ दे, दारापाशी चरीत पडेल.

"जाळीत चाक अडकेल," बाबा म्हणाले.

"बारीक भोकांची घेऊ, मिस्त्री. करंगळी जाणार नाही."

"करंगळी नाही. पेन्सिल जाता कामा नये."

मग दोन दिवस माझ्या घरात जे चाललं ते देव जाणे मी कसं सहन केलं. वर ताडपत्री, खाली छन्नी-हातोड्याचा ठणठणाट, घरभर सिमेंटचे पाय. चेल्याने बसवलेली जाळी बाबांनी दोनदा काढायला लावली, एकदा म्हणे कणभर वर आहे. पण शुक्रवारी संध्याकाळी जो पाऊस कोसळला, त्यात कोब्यावरचं पाणी दारापर्यंत आलं आणि जाळीतून खाली गेलं. खोली कोरडी. मी तिथेच जमिनीवर फतकल मारून बसले.

शनिवारी आई आली. पलंग बघितला न बघितला, लगेच वॉकर घेऊन मागच्या दाराकडे निघाली. मी मागे मागे, अगं हळू, अगं थांब. तिने कोण ऐकतंय! जाळीवरून चाकं गेली. बाहेर नुकताच पाऊस थांबलेला, कोबा ओला. तिने इकडे तिकडे पाहिलं.

"अहो, उतार घराकडे दिलाय तुम्ही," ती म्हणाली. चाळीस वर्षं गवंड्याशी संसार केलेली बाई, तिला नळी लागत नाही.

"हो," बाबा म्हणाले.

मला वाटलं, आता ही टिंगल करणार. पण तिने काय करावं? वॉकरवरून दोन्ही हात उचलले. वॉकर पुढे गेला नाही, तिच्याच अंगाला टेकून उभा राहिला. तिने पुन्हा धरला, एक पाऊल टाकलं, पुन्हा सोडून पाहिला. पुढे सरकला नाही.

"दवाखान्याच्या रॅम्पवर पळाला होता माझ्या हातून," ती म्हणाली. "भिंत धरली म्हणून वाचले. रात्रभर थरथरत होते. तुम्ही काळजी कराल, घरी नेणार नाही, म्हणून मी कुणाला बोलले नाही."

"मी खाली रॅम्पच्या तोंडाशी उभा होतो," बाबा म्हणाले. "तुझा डबा घेऊन."