सलामतने लग्नात दिलेला शब्द

नारीन शहराच्या कोर्टात बातमाकानने बँकेवर दावा लावला तेव्हा तिच्या हाती कागद एकच होता, आणि तोही बँकेच्याच बाजूने बोलत होता. क्रेडिट कार्डाचा करार, तिने सही केलेला. त्यात बारीक अक्षरांत व्याज होतं, शुल्क होतं. त्या कार्डावर तिने शिलाईचं मोठं मशीन घेतलं होतं. आता बँक ते उचलून न्यायला निघाली होती.

"मशीन गेलं तर लोकरीच्या सतरंज्या काय दातांनी शिवू?" ती म्हणाली.

वकील जिपारा तिच्या लेकीच्या वयाची. "आपा, बँकेचा एजंट सलामत कार्ड बिनव्याजी आहे म्हणाला, हे ऐकलं कुणी?"

"दोनशे माणसांनी! भाच्याच्या लग्नात म्हणाला."

"ते दोनशेही तुमचेच नातेवाईक. बँक म्हणेल, सगळे तुमच्यासाठी खोटं बोलतात."

घरी चहा ओतताना बातमाकानचा हात थांबला. लग्नात बोलण्यातून कुणीच सुटत नाही. एकेक पाहुणा उठतो, माइक धरून नवरानवरीला शुभेच्छा देतो, आणि शेवटचा माणूस बोलेपर्यंत कॅमेरा बंद होत नाही. सात तासांचं ते चित्रण खुद्द नवरानवरीनेही पुरतं पाहिलेलं नव्हतं. ती पाहायला बसली. मामा रडले, व्याही गायले, एक काका बोलता बोलता झोपले. पाचव्या तासाला सलामत उठला.

"तुमचा संसार आमच्या कार्डासारखा असो! वर्षभर ना व्याज, ना शुल्क, नुसतं सुख!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत बातमाकान स्वतःच जोरजोरात टाळ्या पिटत होती. "काय ही बाई!" ती पडद्याकडे बघून म्हणाली.

कोर्टात ते सगळ्यांनी पाहिलं. बँकेचा वकील हसला. "लग्नातली गंमत ही. बँकेचा काय संबंध?"

न्यायाधीशबाई सलामतकडे वळल्या. "गंमत होती?"

सलामतने मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावर तेच नवराबायको बसले होते, मांडीवर तान्हं बाळ. गंमत म्हणावं तर त्यांना दिलेली शुभेच्छाही गंमतच ठरणार. तसं म्हणून गावात तोंड कसं दाखवायचं?

"बोल रे बाबा," बातमाकान हळूच म्हणाली. "पोरं ऐकतायत."

"गंमत नव्हती," तो म्हणाला. "शुभेच्छा मनापासून दिली. पण कार्डाचं वाक्य बँकेनं पाठ करून घेतलेलं, आम्हा सगळ्या एजंटांकडून. म्हणाले, लग्नांत बोला, तिथं कागद कुणी वाचत नाही."

बँकेचा वकील खाली बसला.

मशीनला हात लावायचा नाही आणि व्याज घ्यायचं नाही, असा निकाल झाला.

"बँक वरच्या कोर्टात जाईल, आपा," जिपारा म्हणाली.

"जाऊ दे. सात तासांचं चित्रण तिथंही दाखवू."

दोघी बाहेर आल्या तर दाराशी तीन अनोळखी बायका उभ्या. तिघींच्या मुठीत पेनड्राइव्ह.

"माझ्या लेकीच्या लग्नातही एक एजंट असाच बोललाय," पहिली म्हणाली. "पण आमचं नऊ तासांचं आहे हो."

बातमाकानने पिशवीतली रोटी काढली, पाच तुकडे केले आणि म्हणाली, "जिपारा, चहा सांग. बराच वेळ बसावं लागणार."