मान खाली घातलेला मेंढा

हसा. आधी पोटभर हसून घ्या, मग मी बोलतो.

मी कारेगावच्या रस्त्याकडेच्या बागेतला रोलर कोस्टर. माझ्या मोठ्या शहरांतल्या भावांना म्हणे ड्रॅगनची तोंडं असतात, सापाची असतात. माझं तोंड मेंढ्याचं आहे. वळलेली दोन शिंगं, रुंद कपाळ, आणि मान खाली. मागं पांढरे सहा डबे, कळपासारखे. अकरा वर्षं झाली, लोक हसताहेत. मलाही उंचावरून सगळ्यांच्या गच्च्या दिसतात, कुणी काय वाळत घातलंय ते दिसतं. मी काही बोलतो का?

माझा जन्म सत्त्याण्णव सालचा. भैरूआप्पा मूळचे कवठे येमाईचे. बापजाद्यांनी मेंढरं वळली, आप्पांनीही वळली. मग इथं जमीन घेऊन शेती केली. शेजारी कंपन्या उठल्या, लांबलांबची पोरं कामाला आली. सुट्टीच्या दिवशी ती खोलीत आडवी पडून छताकडं बघायची. आप्पांना ते बघवेना. दोन एकरांत त्यांनी पाळणे बसवले, कारंजं केलं, आणि मधोमध मी.

मला घडवलं अयुबभाईंनी. उसाच्या ट्रॉल्या करण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, पण रोलर कोस्टर त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. माझी चाकं दौंडच्या भंगारवाल्याकडून आणली, घासूनपुसून बसवली.

"तोंड कशाचं करू आप्पा? वाघाचं?"

"वाघ-लांडग्यांनी आमची लई मेंढरं न्हेली. त्यांचं तोंड माझ्या दारात नगं. मेंढा कर."

कळप विकला तेव्हा आप्पांच्या बायकोनं, अनसाबाईंनी, एकच मेंढा ठेवून घेतला होता. भिंगऱ्या त्याचं नाव. अयुबभाई सुतळीनं त्याच्या शिंगांचं माप घेत होते. भिंगऱ्यानं मान खाली घातली, दोन पावलं मागं सरकला, आणि अयुबभाई पाण्याच्या टाकीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "आप्पा, मान अशीच ठेवतो. अशीच!"

भिंतीपलीकडच्या गीताबाई पहिल्या दिवशीच डोकावल्या. "अगं बाई, हे तर मान खाली घालून उभं! काय चोरी केली, का ठरल्यालं लगीन मोडलं?"

तिथून ते चालू झालं. जो येई तो म्हणे, बघा, लाजलाय.

उद्घाटनाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. अयुबभाईंनी माझी परीक्षा बाजरीच्या पोत्यांनी घेतली. एका माणसाऐवजी एक पोतं. मी झोकात धावलो. पहिली टेकडी, दुसरी टेकडी, गोल फेरी, कुठं अडलो नाही. उद्घाटनाला निमोण्याच्या शाळेची मुलं बसवली. पहिल्या टेकडीवर साखळीनं ओढून नेलं, तिथून सुसाट खाली आलो, दुसरी चढायला लागलो, आणि माथ्याशी पोचता पोचता दम संपला. मागं घसरलो. मधल्या खळग्यात झोक्यासारखा हलत राहिलो. शिडी लावून मुलं उतरवली. ती खूश! "काका, परत अडकवा की!"

अयुबभाई कपाळाला हात लावून बसले. पोतं क्विंटलभराचं, पोर वीस किलोचं. हलकी गाडी चढणार कशी?

मग त्यांनी माझं डोकं उघडलं आणि कंपन्यांतून पत्र्याला भोकं पाडून उरलेल्या लोखंडी चकत्या त्यात ठासून भरल्या. सोळा पोती चकत्या! डोकं पुन्हा जोडलं. त्या दिवसापासून मी पोर बसो की पैलवान, कधी अडलो नाही. माझं वजन माझ्या डोक्यात आहे.

आप्पांचा पप्पू तेव्हा पुण्याला शिकत होता. त्यानं हे ऐकलं होतं, पण कानाआड टाकलं होतं.

आठ वर्षं सुखाची गेली. गुरुवारी कंपन्यांची सुट्टी, त्या दिवशी रांग फाटकापर्यंत. बिहारची पोरं माझ्यावर बसून आईला हाका मारायची, उतरली की फोनवर तिलाच सांगायची, "डर काहे का, अम्मा?" मी ऐकून घ्यायचो.

दोन हजार पाचला आप्पा गेले. बाग पप्पूकडं आली. त्याचं लग्न झालेलं, सासुरवाडी पुण्याची. माझ्या तोंडाच्या जागी बसवायला त्यानं फायबरचा लाल ड्रॅगन मागवला. तोंडातून धूर, डोळ्यांत दिवे.

अनसाबाई माझ्या पहिल्या डब्यात जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्यावर कधी चढल्या नव्हत्या.

"आये, उतर खाली."

"न्हाई."

"लोक म्हंत्यात मेंढक्यांची बाग. बरं दिसतं का?"

"मंग खोटं हाय का? त्या मेंढरांवर तू शिकलास, पप्पू."

"अगं, मान खाली घातल्यालं तोंड घेऊन धंदा हुतो व्हय?"

त्या जागच्या हलल्या नाहीत. पप्पूनं माझं डोकं कापायला अयुबभाईंना बोलावलं, तर ते म्हणाले, "मी कापणार न्हाई. डोकं काढलं तर गाडी अडंल, ध्यानात ठेव."

"चाचा, तुमचं ते ट्रॉलीचं गणित आता ऱ्हाऊ द्या."

दोन दिवस अनसाबाई भाकरी बांधून घेऊन माझ्यात बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना कवठ्याला भावकीतल्या दहाव्याला जावं लागलं. पप्पूनं तेवढ्यात दुसरा कटरवाला आणला.

कसं वाटलं ते विचारू नका. क्रेननं माझं डोकं उचलून पाण्याच्या टाकीपाशी ठेवलं. तिथून मला माझीच पाठ दिसत होती, आणि तिच्यापुढं ते लाल भूत.

अनसाबाई परत आल्या. रडल्या नाहीत. बादलीभर पाण्यानं माझ्या कपाळावरची काजळी धुतली, शिंगाला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "बस हितंच. बघू या."

ड्रॅगनच्या पहिल्या फेरीला पप्पू पुढं बसला, शेजारी सासरे सफारी घालून, मागं मेव्हणे. धूर सुटला. पहिली टेकडी झाली. दुसरीच्या माथ्याशी गाडी पोचली, थांबली, आणि मागं घसरली. खळग्यात हलत राहिली. इकडून तिकडं, तिकडून इकडं. ड्रॅगनचे डोळे मात्र लुकलुकत होते.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "हे असंच असतं का?"

खालून अनसाबाई ओरडल्या, "पप्पू, भिऊ नगं! निमोण्याची पोरंसुदिक भ्याली नव्हती!"

भिंतीवरून गीताबाईंनी सगळं पाहिलं. त्या दिवशी त्यांच्या घरी भाजी करपली.

पप्पू शिडीवरून उतरला आणि कुणाकडं न बघता म्हणाला, "अयुबचाचांना बोलवा." ते लूनावर आले. ड्रॅगन उतरवला, क्रेननं माझं डोकं जागेवर आणलं आणि वेल्डिंगची टोपी चढवली. पप्पू दोन्ही हातांनी माझी शिंगं धरून उभा राहिला. ठिणग्या त्याच्या मनगटावर उडत होत्या, पण त्यानं हात काढला नाही.

"आये, बस पहिली," काम झाल्यावर तो म्हणाला.

"तू बस शेजारी. मला भ्या वाटतंय."

दुसऱ्या टेकडीवरून मी गेलो तेव्हा अनसाबाईंनी कळपाला घालतात तशी हाळी घातली. रस्त्यावरचे ट्रकवालेसुद्धा वळून बघायला लागले.

त्यालाही तीन वर्षं झाली. माझ्या मानेभोवती वेल्डिंगचा जाड वण आहे, तो पप्पूनं रंगानं झाकू दिला नाही. पलीकडं आता मोठ्या बागा झाल्यात, गर्दी तिकडं जाते. परवा कुणी साहेब टेप घेऊन आमची जमीन मोजून गेले. मला बघून एक जण हसला, "हे कसलं हो, मान खाली घातलेलं?"

साहेब, मोजा खुशाल. उद्या फाटकाशी बुलडोझर आणाल, तर मी आहे तिथंच उभा असेन. पण मेंढ्याशी तुमची ओळख दिसत नाही. मेंढा लाजून मान खाली घालत नाही. त्यानं मान खाली घातली, की समोरच्यानं बाजूला व्हायचं असतं.